रमविना, अंड्याविना

बडोद्यात प्लम केक करायला घेतला की दोन जिन्नस आधीच बाजूला पडतात, रम आणि अंडं. रम कायद्याने जाते, अंडं गिऱ्हाइकाच्या शब्दाने. जे उरतं त्यातून नाताळ उभा करायचा, हा फतेगंजातल्या एका मराठी ख्रिस्ती घराचा दर डिसेंबरचा उद्योग. केक करणाऱ्या बाई साठीच्या अल्याड-पल्याड. मराठी शेजारी त्यांना काकू म्हणतात, गुजराती गिऱ्हाइकं आंटी. नाव छापायचं नाही या अटीवर त्या बोलायला बसल्या, तेव्हा इथेही काकूच.

दिवाळीचे डबे घासून पालथे घातले की फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला. ‘आंटी, एमां ईंडुं तो नथी ने?’ नाही म्हटलं की लगेच दुसरा, जरा खालच्या पट्टीत, ‘अने पेलुं?’ पेलुं म्हणजे काय हे गुजरातेत कुणाला फोडून सांगावं लागत नाही. काही जण उलट्या बाजूनेही विचारतात. कोयलीच्या रिफायनरीत जन्म काढलेली केरळी कुटुंबं, रेल्वेतून निवृत्त झालेले गोवेकर, विद्यापीठात शिकायला आलेली ईशान्येकडची मुलं यांचा सूर वेगळा असतो. ‘आंटी, थोडीसी भी नहीं?’ त्यांनाही उत्तर तेच मिळतं.

दारूबंदीचा कायदा मूळचा मुंबई राज्याचा, १९४९ चा. १९६० साली राज्याचे दोन भाग झाले. महाराष्ट्राने तो हळूहळू सैल केला, गुजरातने घट्ट धरून ठेवला. त्यामुळे वांद्र्याला किंवा मडगावला जी गोष्ट कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येते, ती बडोद्यात परवान्याशिवाय घरात ठेवणंही गुन्हा. पण काकूंच्या घरात रम नसण्याला कायद्याइतकंच दुसरंही कारण आहे. घर मेथडिस्ट. या पंथाचा आणि दारूचा फार जुना वाकडेपणा आहे. अमेरिकेत १८६९ साली थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून, तो आंबणार नाही अशी युक्ती काढली. कशासाठी, तर चर्चमधल्या प्रभुभोजनात द्राक्षारसाच्या नावाखाली दारू द्यावी लागू नये म्हणून. बाटलीबंद द्राक्षरसाचा पुढचा सगळा धंदा त्यातून उभा राहिला. काकूंना ही गोष्ट फार आवडते. ‘वेदीवर जो रस चालतो तो केकला का चालू नये?’ असं त्या विचारतात, आणि या प्रश्नाला उत्तर नाही.

म्हणून मनुका, बेदाणे, काळी द्राक्षं, खजूर, जर्दाळू आणि साखरेत मुरलेल्या संत्र्याच्या साली भिजतात त्या संत्र्याच्या आणि काळ्या द्राक्षांच्या रसात. इथेच पहिली अडचण येते. रममधली फळं महिनोन् महिने टिकतात, त्यामुळे बाकीच्या जगात ती ऑक्टोबरमध्येच बरणीत जातात. रसातली फळं बाहेर ठेवली तर बडोद्याच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत फसफसू लागतात. थोडक्यात, कायदा पाळायला म्हणून जो रस घातला त्याचीच दारू होऊ पाहते. यावर काकूंचा उपाय असा, की फळं रसात नुसती भिजवायची नाहीत, मंद आचेवर शिजवायची. रस आटतो, साखर फळात शिरते, दालचिनी, लवंग, सुंठ आणि जायफळ त्यातच पडतं. गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरून थेट फ्रिजमध्ये. नोव्हेंबरच्या अखेरीस त्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीला जागा नसते आणि काका रोज सकाळी त्यावरून तेच एक वाक्य बोलतात.

टुटी-फ्रुटीला या घरात मज्जाव आहे. ती कच्च्या पपईची असते, रंगवलेली. स्वस्तातल्या केकमध्ये ती घालून वर ‘प्लम’ छापतात आणि लोक भाबडेपणाने विकत घेतात. माझ्या मते त्याला गोड पाव म्हणावं आणि विषय संपवावा.

प्लम केकचा काळसर रंग फळांचा नव्हे, जळक्या साखरेचा. ती साखर जाळणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि काकू ते अजून सुनेच्या हाती देत नाहीत. जाड बुडाचं पातेलं, त्यात कोरडी साखर, पाणी नाही. चमचा घालायचा नाही, पातेलंच हलवायचं. साखर आधी कडेने विरघळते. मग मधाचा रंग येतो, मग विटकरी, आणि मग बारीकसा धूर सुटतो. शिकाऊ माणूस इथे घाबरून गॅस बंद करतो आणि केक फिकट होतो. काकू धूर दिसल्यावर आणखी काही क्षण थांबतात. फेस वर चढून काळपट तांबडा झाला की आधीच उकळून ठेवलेलं पाणी हात लांब करून ओततात, तोंड दुसरीकडे वळवलेलं. पातेलं असं काही फुत्कारतं की मांजर ओट्याखालून पळतं. पाणी गार असलं तर उकळता पाक अंगावर उडतो. काकूंच्या उजव्या मनगटावर त्याची जुनी खूण आहे. त्या क्षणी घरभर जो वास सुटतो, तो काही गोड नसतो. कडवट, करपट असतो. पण त्या कडूपणाशिवाय हा केक नुसता गोडमिट्ट लागतो. रंगासाठी कोको टाकणारे आहेत, गूळ टाकणारे आहेत. काकू त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाहीत, फक्त गप्प बसतात.

आता अंडं. अंडं केकमध्ये तीन कामं करतं. फेटलं की हवा धरतं, लोणी आणि पाणी एकमेकांपासून फुटू देत नाही, आणि भट्टीत घट्ट होऊन सगळा डोलारा पेलतं. ते काढलं की तिन्ही कामांना वेगवेगळे मजूर नेमावे लागतात. काकू दही घेतात, त्यात खायचा सोडा आणि किंचित व्हिनेगर. त्याने केक फुगतो. मऊपणा आणि बांधणी यांसाठी आटवलेलं गोड दूध, म्हणजे डबाबंद मिठाईमेट. ते येतं शेजारच्या आणंदहून, अमूलचं. लोणीही अमूलचंच, पण पिवळं, मिठाचं नव्हे. बिनमिठाचं मुद्दाम मागवावं लागतं. आणंद बडोद्याहून तासाभराच्या आत. ज्या वर्गीस कुरियन यांनी अमूल घडवलं ते १९४९ साली आणंदला आले ते केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरातून. बडोद्यातला बिनअंड्याचा नाताळ त्यांच्या दूधक्रांतीवर उभा आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते नक्की हसले असते.

बिनअंड्याच्या केकची खोड अशी, की त्याला फळांचा भार सोसत नाही. सगळा मेवा तळाशी बसतो आणि वरचा अर्धा केक भुंडा राहतो. त्यासाठी फळं कोरडी करून मैद्यात घोळायची, पीठ जरा घट्ट ठेवायचं आणि भट्टी १५० अंशांच्या वर न्यायची नाही. दीड तासाच्या आसपास भाजायचं, मध्ये दार उघडायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच दिवशी कापायचा नाही. गरम असताना सुरी लावली की भुगा होतो. दोन दिवस कागदात गुंडाळून ठेवला की तो बसतो, ओलसर होतो, नीट कापला जातो. गिऱ्हाइकाला मात्र ‘ताजा’ हवा असतो. ताजा प्लम केक चांगला नसतो, हे समजावण्यात काकूंचा अर्धा डिसेंबर जातो.

यात काहीतरी कमी पडतंय, हा ‘खरा’ केक नव्हे, असं म्हणणारे भेटतात. मुंबईहून आलेले पाहुणे तर हटकून. त्यांना सुरतेच्या नानखटाईची आठवण करून द्यावी. सुरतेत डचांची वखार होती. त्यांच्या भट्टीत पाव आंबवायला ताडी वापरत. डच गेले, भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी घराण्याकडे आली, आणि ताडीचा, अंड्याचा माल गावातले लोक घेईनात. तेव्हा दोन्ही काढून टाकून जी बिस्किटं निघाली ती नानखटाई, अशी हकीगत सांगतात. आज तिला कुणी अपुरं म्हणत नाही. केरळातली गोष्टही अशीच. तलश्शेरीच्या मंबल्ली बापू या बेकरीवाल्याकडे मर्डॉक ब्राउन नावाचा मळेवाला १८८३ साली विलायती केक घेऊन आला आणि असाच करून दे म्हणाला. सोबत फ्रेंच ब्रँडी घालायचा सल्लाही होता. बापूंनी ती न घालता काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू घातली म्हणतात. देशातला पहिला नाताळचा केक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्यातच मूळ जिन्नस बदललेला होता. काकू तेच करतात. एक पाऊल पुढे जातात, इतकंच.

अंड्याचा केकही त्या करतात. केरळी, गोवेकर आणि घरचे लोक यांच्यासाठी. पण दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून घरात लष्करी शिस्त आहे. सकाळी भट्टी पेटते ती बिनअंड्याच्या केकसाठी. अंडं फुटतं ते दुपारच्या जेवणानंतर. टिन वेगळे, फेटणी वेगळी, हातपुसणंही वेगळं. खाद्यसुरक्षेच्या नियमांप्रमाणे अंडं घातलेल्या पदार्थावर तपकिरी त्रिकोणाची खूण लागते, नसलेल्यावर हिरवा ठिपका. बडोद्यात या ठिपक्याकडे लोक भावापेक्षा आधी बघतात. खोकी कुणी भरायची, हेही ठरलेलं. काका. रिफायनरीत उमेदीची सगळी वर्षं सुरक्षेच्या तक्त्यांवर टिकमार्क करण्यात गेली, ती सवय इथे कामाला येते. एकदाही खोकं चुकलेलं नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात, आणि ते खरं असावं, कारण काकूंनी त्यावर हरकत घेतली नाही.

बडोद्यात मराठी माणूस म्हटलं की दांडिया बाजार, सरकारवाडे, गणपती, गायकवाडी असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. मराठी ख्रिस्ती म्हटलं की समोरचा थबकतो. ‘म्हणजे मूळचे गोव्याचे का?’ गोव्याचे नाही, नगरचे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली ठाणं दिलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली तिथेच निघालं. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला तोही त्याच गावात, आणि पुढे १८९५ साली ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक आणि त्यांच्या मागोमाग लक्ष्मीबाई याच परिसरात नांदले. त्यामुळे नगरच्या ख्रिस्ती घरात नाताळ आला तो फराळ घेऊनच आला. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू. दिवाळीला जे बाकीच्या घरांत शिजतं तेच डिसेंबरात यांच्या घरात. केक फार नंतरचा.

काकूंचे सासरे रेल्वेत होते. नोकरीच्या निमित्ताने नगरहून बडोद्याला आले आणि प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये बिऱ्हाड थाटलं. सासूबाई आता नव्वदीकडे झुकल्या आहेत. त्यांना केक शिकवला तो शेजारच्या अँग्लो-इंडियन बाईंनी. घरात भट्टी नव्हती. शेगडीवर मोठं पातेलं, त्यात वाळू, वाळूवर टिन, वर झाकण आणि झाकणावर निखारे. कधी जास्तीचा घाणा असला तर कालवलेलं पीठ घेऊन पाववाल्याच्या भट्टीवर जायचं आणि आपला टिन ओळखू यावा म्हणून त्यावर खडूने खूण करायची. नानखटाईही तशीच भाजून आणायचे सगळे. सासूबाईंचं माप वाटीचं. काकूंचं ग्रॅमचं, कारण त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत शिकल्या. हंसा मेहता या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं आणि गृहविज्ञानाची शाखा त्यांच्याच आग्रहाची. तिथे तराजू वापरायची जी सवय लागली ती सुटली नाही. सासू-सुनेत लोण्याच्या मापावरून खटका उडत आला आहे, तो अजून मिटलेला नाही. ‘वाटीत काय वाईट होतं?’ ‘आई, वाटी तुमची होती, आता ती फुटली.’ असं चालतं.

फराळाचा दिवस ठरलेला, नाताळच्या आधीचा रविवार. सकाळी चर्च, मग जेवण, मग पेपर अंथरून सगळे खाली बसतात. ऑर्डरी त्या दिवशी बंद. तेवढा एक दिवस काकू धंद्याला देत नाहीत. करंजीचं सारण नगरी पद्धतीचं, सुक्या खोबऱ्याचा कीस, भाजलेली खसखस, पिठीसाखर, वेलदोडा. सून चरोतरातली, नडियादकडची गुजराती ख्रिस्ती. तिच्या माहेरी नाताळला घूघरा करतात, रवा आणि मावा भरून. पहिल्या वर्षी दोन्ही सारणं वेगवेगळी झाली. आता एकाच बैठकीत दोन ताटं भरतात आणि ओळखायची खूण म्हणजे कड. सासूबाई कातणं फिरवून काठ कापतात, बारीक दातऱ्यांचा. सून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कड पुढे-मागे दुमडत नेते, दोरी वळल्यासारखी कांगरी पडते. ती बघत बसावी अशी असते. सासूबाईंचा हात आता थरथरतो, तरी कातणं दुसऱ्याला देत नाहीत. नात मात्र दोघींना सोडून तिसऱ्याच कामाला लागलेली असते. गोव्याच्या शेजाऱ्यांकडून आलेले कलकल, नव्या कंगव्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची. तळले की शिंपल्यासारखे दिसतात. तिचे अर्धे तळण्याआधीच पोटात जातात.

झाडाचं, चांदणीचं फारसं सांगण्यासारखं नाही. पूर्वी सुरूची फांदी तोडून आणत आणि कापसाचा बर्फ लावत. आता प्लास्टिकचं झाड माळ्यावरून उतरतं. नाताळपूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी गॅलरीत स्टार लागतो आणि गल्लीतल्या मुलांना सुटी जवळ आल्याचं कळतं.

फतेगंज ही इंग्रजांची जुनी छावणी. १८२५ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर उत्तर हिंदुस्थानची लांबलचक फेरी करत बडोद्यात आले, सयाजीराव दुसरे यांच्या दरबारात गेले आणि इथल्या छावणीतल्या चर्चची प्रतिष्ठापना त्यांच्या हातून झाली. जगभर गायलं जाणारं ‘होली, होली, होली’ हे स्तोत्र याच हेबर यांचं. दोनशे वर्षांनी त्याच परिसरात रविवारी इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि मलयाळी उपासना होतात. काकूंचं घर गुजराती उपासनेला जातं. मराठी ‘उपासना संगीत’ घरात, सासूबाईंच्या उशाशी. त्यात टिळकांच्या पदांचा वाटा मोठा आहे. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना त्या ती गुणगुणतात, सून तिला माहीत असलेला गुजराती पाठ त्याच चालीवर पकडते.

कॅरल म्हणणारी मंडळी डिसेंबरच्या मध्यापासून फिरतात. ढोलक, गिटार, खंजिरी, आणि आता एखादा ब्लूटूथ स्पीकर. घरोघर दोन गाणी, प्रार्थना, चहा, खारी, आणि चर्चच्या कामासाठी पाकीट. काकूंच्या मुलाने कॉलेजात असताना अनेक वर्षं सांताक्लॉजचा वेश केला. २०२२ च्या डिसेंबरात मकरपुऱ्यातल्या एका सोसायटीत सांताच्या वेशात चॉकलेटं वाटणाऱ्या माणसाला जमावाने मारहाण केल्याची बातमी आली. तेव्हापासून हा वेश फक्त ओळखीच्या घरात शिरल्यावर पिशवीतून निघतो, रस्त्यावर नाही. याबद्दल घरात मोठी चर्चा होत नाही. काका म्हणतात, गाणं थांबलं नाही ना, मग झालं. मला ते इतकं सोपं वाटत नाही, पण त्यांच्या घरातला निर्णय त्यांचा.

आणि त्याच गल्लीतली दुसरी बाजूही सांगायला हवी. वरच्या मजल्यावरच्या जैन कुटुंबाने दिवाळीला दिलेलं ताट काकूंकडे असतं, ते २५ तारखेला परत जातं. त्यात करंज्या, चकल्या, बिनअंड्याचा केक. कांदा-लसूण ज्या हाताने कापला त्या हाताने ते ताट भरायचं नाही, हे नातीलाही ठाऊक आहे. ते ताट मग उत्तरायणाला चिक्की घेऊन पुन्हा खाली येतं. शेजारच्या गुजराती काकी डिसेंबरात लीलवा कचोरी पाठवतात, कोवळ्या तुरीच्या दाण्यांची, कारण हा तिचाच मोसम. नाताळच्या फराळाच्या ताटात कचोरी कशी, असं विचारणारा माणूस बडोद्याचा नसतो.

२३ तारीख हा खरा कसोटीचा दिवस. ज्यांना महिनाभर आठवण झाली नाही ते सगळे त्या दिवशी फोन करतात. ‘एक ज किलो, आंटी.’ मुलाच्या स्कूटरच्या पायाशी खोकी रचायची, वर काही ठेवायचं नाही, गतिरोधकावर वेग कमी करायचा. मुलगा हालोलच्या एका कारखान्यात कामाला आहे, तिथून आल्यावर रात्री दहापर्यंत डिलिव्हरी. अलकापुरी, निझामपुरा, गोत्री, मांजलपूर. २४ ला दुपारी काकू भट्टी बंद करतात ती जानेवारीपर्यंत. मग अंघोळ, नवी साडी, आणि रात्री साडेअकराची उपासना. बसल्या बसल्या डोळा लागतो, हे त्या स्वतःच हसत सांगतात. सून कोपर मारते.

२५ ला सकाळी पुन्हा चर्च, आणि दुपारी जेवण. नगरहून आलेल्या काळ्या मसाल्यातलं मटण, बाजरीच्या भाकऱ्या. शेजारी सुनेचा उंधियो. कॅनडातली मुलगी व्हिडिओवर येते, तिकडे तेव्हा नुकतीच २४ ची मध्यरात्र उलटून गेलेली असते. ती दरवर्षी तेच विचारते, ‘साखर कुणी जाळली?’ ‘मीच.’ ‘मग ठीक आहे.’ गंमत अशी की तिच्या गावात रम कोपऱ्यावर मिळते, अंड्याला कुणी नाक मुरडत नाही, आणि तरी ती आईची रसातली, बिनअंड्याची कृती तोळामासा न बदलता करते. तिच्या कचेरीतल्या गुजराती मैत्रिणी त्या केकच्या गिऱ्हाईक आहेत.

३१ ची वॉच नाइट उपासना झाली की काका हिशेबाची वही उघडतात. वही बघायला मिळाली. काजू, बदाम, लोणी, मिठाईमेट, मैदा, खोकी, वीज, पेट्रोल, सगळं पैशापर्यंत. अंड्यांचा भाव दर थंडीत चढतो, तोही तारखेनिशी टिपलेला. मजुरी असा रकाना मात्र नाही. तीन बायका, दोन पुरुष आणि एक मूल महिनाभर राबतात आणि त्यांच्या कामाची किंमत कुठेच धरलेली नाही. ‘अगं, मजुरी धरली तर भाव दीडपट करावा लागेल,’ काका म्हणाले. ‘अहो, मग करा,’ काकू म्हणाल्या, ‘आपण घरचे आहोत म्हणून का लोकांनी स्वस्तात खायचं?’ त्या यंदा भाव वाढवणार आहेत. ते योग्यच आहे. घरी केलेल्या केकची तुलना कारखान्यातल्या पाकिटाशी करून घासाघीस करणारे बहुतेक जण, हॉटेलात त्याच्या दुप्पट पैसे निमूट मोजतात.

तेव्हा बडोद्यात असाल आणि अशा एखाद्या घरातून नाताळचा केक घ्यायचा असेल, तर ऑर्डर नोव्हेंबर संपण्याआधी द्या. अंडं चालेल की नाही ते पहिल्याच फोनवर सांगा. निम्मे पैसे आगाऊ द्या, सुका मेवा उधारीवर मिळत नाही. ताजा मागू नका. आणि २३ तारखेला फोन करायचाच असेल, तर फक्त शुभेच्छा द्यायला करा.